मोटर किती किलोची?

घरच्या घरी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणारी मशीन बांधायला निघालेला माणूस दुकानदाराला पहिल्यांदा हेच विचारतो. दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो: दहा किलोची आहे, एकोणीस किलोची आहे, तीसचीही मिळेल. हे किलो म्हणजे मोटरचं वजन नव्हे. शाफ्टच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर ती किती किलोचा भार तोलून धरेल, त्याचा हा आकडा. १०.२ किलोग्रॅम-सेंटिमीटर म्हणजे १ न्यूटन-मीटर. आकडा खोटा नसतो, पण तो मोटर जागेवर उभी असतानाचा असतो. लाकूड कापणाऱ्या मशीनवर मोटर उभी राहून भागत नाही, तिला पळावं लागतं. पळताना तिची ताकद किती उरते, हे त्या किलोत कुठेच लिहिलेलं नसतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली ज्यांच्या हाताशी आहे, ते चुकलेली मोटर दुसऱ्या दिवशी बदलू शकतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला कुरियरची वाट पाहावी लागते, म्हणून त्याने हा हिशेब आधीच केलेला बरा.

या जिल्ह्यात यंत्रावरचा हात नवा नाही. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला तो कापसासाठी, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापसामागून जिनिंग-प्रेसिंग आलं, आणि जिनिंगच्या मागोमाग लेथ. ऐन हंगामात बंद पडलेलं जिन दुरुस्तीला परगावी पाठवता येत नाही. रोलरचा शाफ्ट, पुली, बुश जे काही लागेल ते गावातच उतरवून घ्यावं लागतं. आता तेच कसब ट्रॅक्टरच्या अवजारांना आणि मळणीयंत्रांना लागतं. दुसरीकडे खामगावची ओळख चांदीची. मूर्ती, देव्हारे, भांडी अशा कामांसाठी इथल्या चांदीचं नाव दूरवर आहे. पत्र्यावर उठावाचं काम करायचं तर खाली ठसा लागतो, आणि पितळेचा ठसा कोरणं हे लहान सीएनसीच्या आवाक्यातलं काम आहे. सागवानी देवघराची महिरप, एमडीएफची जाळी, घरावरची नावाची पाटी ही कामं तर आहेतच. लेथवर हात बसलेला माणूस आणि कोरीव कामाचं गिऱ्हाईक एकाच तालुक्यात सापडतं, अशी ठिकाणं फार नाहीत.

सीएनसीचा जन्म मात्र श्रीमंत घरातला. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारी पहिली मिलिंग मशीन दाखवली गेली, तेव्हा तिच्या नियंत्रकात व्हॅक्यूम ट्यूब होत्या. सामान्य माणसाला परवडेल अशी वाट पुढे बऱ्याच वर्षांनी निघाली. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प मांडला आणि आराखडे सर्वांना खुले केले. पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटर आणि त्यांना प्रवाह पुरवणारे ड्रायव्हर घरगुती छंदाच्या भावात मिळू लागले, त्यात या चळवळीचा मोठा वाटा आहे. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी जीआरबीएल हा प्रोग्रॅम लिहिला. आर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर तो तीन अक्षांची मशीन चालवतो, तोही फुकट.

महाराष्ट्रात या वाटेवर सगळ्यांच्या आधी पाऊल टाकलं ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळने. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं आणि गावाला लागणाऱ्या गोष्टी गावातच करायच्या, हा त्यांचा आग्रह होता. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांची फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, २००२ मध्ये या आश्रमात आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. संगणकावर चालणारं कापकामाचं यंत्र शहराच्या मक्तेदारीचं नाही, हे पाबळने फार लवकर दाखवून दिलं. शेगाव-खामगावच्या पट्ट्याला तर लेथची परंपरा घरचीच आहे.

आता मोटरकडे वळू. नेमा २३ हे नाव ताकदीचं नाही. मोटरची दर्शनी बाजू सुमारे २.३ इंच, प्रत्यक्षात ५७ मिलिमीटरच्या आसपास, एवढंच ते सांगतं. नेमा १७ ची बाजू सुमारे ४२ मिलिमीटरची आणि नेमा ३४ ची ८६. एकाच मापाच्या तोंडामागे आखूड मोटरही असते आणि तिच्या दुप्पट लांबीचीही. आतल्या रोटरला दोन दातेरी टोप्या असतात. प्रत्येकीला ५० दाते, आणि एका टोपीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर येईल अशी बसवण. मधोमध चुंबक. बाहेर दोन कॉइल. कॉइलमधला प्रवाह एका पायरीने बदलला की रोटर पाव दात्याइतका सरकतो. ५० दात्यांच्या चार चार पावलांनी एक फेरा २०० पावलांत पुरा होतो, म्हणून एक पाऊल १.८ अंशाचं. रोटर आणि स्टेटरमधली फट इतकी बारीक असते की धुळीचा कणही तिथे नडतो. शिवाय रोटर बाहेर ओढला तर चुंबकत्व उतरू शकतं. म्हणून कुतूहल कितीही वाटलं तरी चालू मोटर उघडू नये.

चार वायरींपैकी जोडी कोणती, हे ओळखायला मीटरही लागत नाही. मोटर सुटी हातात धरून शाफ्ट बोटांनी फिरवायचा, तो बारीक बारीक टकटकत फिरतो. मग कोणत्याही दोन वायरींची टोकं एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवायचा. शाफ्ट एकदम जड झाला तर त्या दोन वायरी एकाच कॉइलच्या. फरक इतका स्पष्ट असतो की पहिल्यांदा करणाऱ्याचीही चूक होत नाही.

किती ताकद लागते, याचा हिशेब एका उदाहरणावर करून पाहू. लाकडासाठी ६०० मिलिमीटर लांब बॉलस्क्रूची मशीन आहे. स्क्रू १६ मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेणारा. बाजारात त्याला १६०५ म्हणतात. गॅन्ट्री, म्हणजे स्क्रूने ढकलला जाणारा सरकता सांगाडा, १२ किलोची. कापताना विरोध १०० न्यूटन धरू, म्हणजे साधारण १० किलोचा दाब. बॉलस्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर एवढा जोर लावायला शाफ्टवर फक्त ०.०९ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. गॅन्ट्रीला दर सेकंदाला ५०० मिलिमीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवत न्यायचं तर आणखी सुमारे ०.०४. बेरीज ०.१३. घर्षण आणि सुरक्षिततेसाठी तिप्पट धरली तरी ०.४ न्यूटन-मीटर पुरतो. मग एकोणीस किलोची, म्हणजे १.९ न्यूटन-मीटरची मोटर असूनही मशीन मध्येच का अडते?

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे. वेग घेताना मोटरला सगळ्यात जड जाते ती गॅन्ट्री, असं कुणालाही वाटेल. पण १६ मिलिमीटर जाडीच्या ६०० मिलिमीटर पोलादी स्क्रूला फिरवण्याचं जडत्व, १२ किलोच्या गॅन्ट्रीचं स्क्रूमार्फत मोटरपर्यंत पोचणारं जडत्व याच्या चौपट निघतं. मोटरचा स्वतःचा रोटरही साधारण स्क्रूइतकाच जड पडतो. म्हणजे गॅन्ट्रीचं वजन दोन किलोने कमी करायला जिवाचा आटापिटा करण्यात फारसं काही साधत नाही. उलट विनाकारण २० किंवा २५ मिलिमीटरचा जाड स्क्रू घेतला, तर जडत्व जाडीच्या चौथ्या घाताने वाढतं. 'मजबूत हवी' म्हणून नेमा ३४ आणली तर तिचा जड रोटर हलवण्यातच तिची बरीच ताकद खर्ची पडते. लहान मशीनवर मोठी मोटर बसवणं ही घरगुती बांधणीतली सगळ्यात महागडी चूक आहे, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे.

मशीन अडते ती वेगावर. या उदाहरणात मिनिटाला ३००० मिलिमीटर चाल हवी असेल तर मोटर मिनिटाला ६०० फेरे मारते. म्हणजे सेकंदाला १० फेरे, २००० पूर्ण पावलं. एका पावलाला अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइलमध्ये प्रवाह भरायला हवा, आणि कॉइलचा इंडक्टन्स त्याला आडवा येतो. २.५ मिलिहेन्री इंडक्टन्स आणि २.८ अँपिअर प्रवाहाची मोटर घेऊ. १२ व्होल्टवर तो प्रवाह भरायला सुमारे ०.५८ मिलिसेकंद लागतात. पाऊल संपलं तरी कॉइल भरलेली नसते, टॉर्क कुठून येणार? ३६ व्होल्टवर तेच काम ०.१९ मिलिसेकंदात होतं. फिरत्या मोटरमध्ये उलट दिशेचं व्होल्टेजही तयार होतं, त्यामुळे प्रत्यक्षात ओढाताण याहून जास्तच. तात्पर्य, वेगातली ताकद व्होल्टेज आणि इंडक्टन्स ठरवतात. एकोणीस किलोचा शिक्का दोन मोटरींवर असेल, एकीचा इंडक्टन्स २.५ आणि दुसरीचा ५ मिलिहेन्रीच्या वर असेल, तर ६०० फेऱ्यांवर त्या दोन निराळ्या मोटरी आहेत.

व्होल्टेज किती द्यावं याचा कारागिरांत रुळलेला ठोकताळा असा: इंडक्टन्सचं मिलिहेन्रीतलं वर्गमूळ काढा आणि ३२ ने गुणा. २.५ मिलिहेन्रीला सुमारे ५० व्होल्ट येतात. ही वरची मर्यादा, त्यापुढे मोटर नुसती तापते. मोटरच्या पाटीवर तीन-साडेतीन व्होल्ट लिहिलेले पाहून अनेकजण बिचकतात. पण तो आकडा फक्त कॉइलचा रोध गुणिले प्रवाह एवढाच असतो. ड्रायव्हर प्रवाह कापून मर्यादेत ठेवतो, म्हणून ३६ व्होल्ट दिले तरी मोटर जळत नाही. आठ वायरींची मोटर मिळाली तर कॉइल समांतर जोडाव्यात. एकसरीच्या तुलनेत इंडक्टन्स एक चतुर्थांश होतो आणि मोटर वेगात मोकळी होते, मात्र ड्रायव्हरने प्रवाह जास्त द्यायला हवा.

ड्रायव्हरमध्ये काटकसर करू नये. ए ४९८८ हा नखाएवढा ड्रायव्हर ३५ व्होल्ट आणि २ अँपिअरच्या आतला, नेमा १७ च्या छोट्या खोदकाम-मशीनला ठीक. डीआरव्ही ८८२५ ची मर्यादा ४५ व्होल्ट. त्यावर बारीक स्क्रू फिरवून प्रवाह ठरवतात, आणि मीटरवर दिसणारा व्होल्ट गुणिले दोन म्हणजे अँपिअर. ए ४९८८ ला मात्र बोर्डावरच्या रोधाप्रमाणे हिशेब बदलतो, म्हणून त्या चिमुकल्या रोधावरचं आर १०० किंवा आर ०५० भिंगाने वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. नेमा २३ साठी डीएम ५४२ वर्गातला डिजिटल ड्रायव्हर घ्यावा. त्याला २० ते ५० व्होल्ट चालतात. त्याच्या कुशीवर आठ बारीक स्विच असतात: पहिले तीन प्रवाहाचे, चौथा उभ्या मोटरचा प्रवाह निम्मा करणारा, उरलेले चार मायक्रोस्टेपचे, म्हणजे एका पावलाचे किती तुकडे करायचे त्याचे. तक्त्यात प्रवाहाचे दोन रकाने असतात, शिखर-मूल्याचा आणि आरएमएसचा. ३.७६ आणि २.६९ ही एकाच सेटिंगची दोन मापं आहेत. मोटरच्या पाटीवरचा आकडा कोणत्या रकान्याशी जुळवायचा हे न पाहता स्विच लावले की मोटर एकतर अशक्त राहते नाहीतर भाजते. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही उपसू नये. ड्रायव्हर जागीच मरतो.

मायक्रोस्टेपचा मोह आवरावा. एका पावलाचे १६ तुकडे केले तर मशीन १६ पट अचूक होते, असा समज सर्रास आढळतो. पण त्या एका तुकड्यामागे मोटर आपल्या ताकदीच्या जेमतेम १० टक्के जोर लावू शकते. घर्षण त्याहून जास्त असेल तर पहिले काही तुकडे नुसते कागदावर राहतात. मायक्रोस्टेप चाल गुळगुळीत करतो आणि आवाज घालवतो, हाच त्याचा खरा उपयोग. शिवाय नियंत्रकाचीही मर्यादा आहे. आर्डुइनो उनोवरचा जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देतो, एका पल्सला एक मायक्रोस्टेप. ८ मायक्रोस्टेप आणि ५ मिलिमीटर स्क्रू असेल तर मिलिमीटरला ३२० पल्स लागतात, म्हणजे मिनिटाला ५६०० मिलिमीटरपर्यंत वाव. ३२ मायक्रोस्टेप केले की तोच वाव १४०० वर येतो. आठ पुरेत.

कोणत्या तरी एका वेगावर मशीन घरघरते आणि मोटर एकाएकी गळाठते. झोक्याला नेमक्या लयीत धक्के दिले की तो चढत जातो, तसं पावलांच्या लयीने रोटरचं डोलणं वाढतं. डिजिटल ड्रायव्हर हे बऱ्याच अंशी आवरतात. बाकीचं काम कपलिंग, स्क्रूची सरळ बसवण आणि त्या वेगावर न रेंगाळणं यांनी होतं.

जुळवणी, म्हणजे ट्युनिंग, सुरू करावी ती मोजमापापासून. डायल गेज लावा, १० मिलिमीटरची आज्ञा द्या, काट्याने किती दाखवलं ते लिहा. मग उलट दिशेने. मग १००, मग ३००. जीआरबीएलमध्ये $१००, $१०१, $१०२ या तीन सेटिंग मिलिमीटरमागच्या पल्सच्या. बॉलस्क्रूला हा आकडा हिशेबातूनच येतो, त्यात उगाच दशांश घुसडू नयेत. आधी $११० पासूनचा कमाल वेग वाढवत जावा, प्रवेग कमी ठेवून. मोटर ओरडून थांबली की तो वेग लिहावा आणि त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर यावं. मग $१२० पासूनचा प्रवेग, तसाच. मग खरी परीक्षा: कपलिंगवर आणि मोटरच्या तोंडावर रंगाची एक सरळ रेघ ओढायची, डायल शून्यावर आणायचा आणि मशीनला इकडून तिकडे भरपूर पळवून परत शून्यावर बोलवायचं. रेघ जुळली आणि काटा शून्यावर आला तर जुळवणी झाली.

नाही आला, तर चूक किती आणि कशी आहे यातच तिचं कारण लिहिलेलं असतं. अंतर वाढेल तशी प्रमाणात चूक वाढत असेल तर पल्सचा आकडा चुकलाय. दिशा बदलली की ठरावीक फरक पडतो, पण तो साठत जात नाही? मग स्क्रूत किंवा नटमध्ये प्ले आहे. लेथवाल्याला हे सांगायला नको. चूक ०.१ मिलिमीटरच्या पटीत, ०.१, ०.३, ०.७ अशी उडी मारत येत असेल तर रोटर खरोखर घसरला. दाता सुटला की तो पुढच्याच दात्यावर पकडला जातो, ५० दात्यांत ५ मिलिमीटर, म्हणून एक दाता बरोबर ०.१. हा ताकदीचा प्रश्न आहे. वेग किंवा प्रवेग उतरवा, नाहीतर व्होल्टेज चढवा. चौथा प्रकार सर्वांत फसवा. कोरीव काम एकाच बाजूला हळूहळू, अगदी सारखं सरकत जातं. मोटर गरम नाही, आवाज नाही, वेग निम्मा केला तरी फरक नाही. इथे मोटर निर्दोष असते. दिशेचा सिग्नल आणि पल्स यांची वेळ जुळत नाही, आणि दिशा बदलताना एखादा मायक्रोस्टेप चुकतो. एक चुकला तर ०.००३ मिलिमीटर, कुणाला दिसणार? जाळीच्या नक्षीत दिशा हजारो वेळा बदलते. हजार चुकले की ३ मिलिमीटर, आणि पानाची टोकं एकमेकांना भेटत नाहीत. जीआरबीएलमध्ये $२ ही पल्स उलटवण्याची सेटिंग बदलली की हा रोग पुष्कळदा एका क्षणात बरा होतो. यापायी चांगल्या मोटरी बदलल्या जातात, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहिलं.

आता जिल्ह्याचं हवामान आणि वीज. बुलढाणा शहर डोंगरावर असल्याने जरा सुसह्य, पण खामगाव-मलकापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते सांगायला नको. स्टेपर मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली तरी तिचं बिघडत नाही. बहुतेक मोटरींचं इन्सुलेशन १३० अंशांच्या वर्गाचं असतं. जीव जातो तो बंद पेटीतल्या ड्रायव्हरचा आणि त्याला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा. पेटीला पंखा आणि धुळीची जाळी हवीच. अर्थिंग कागदोपत्री नको. बिट फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी इतका विद्युत गोंगाट करतो की लिमिट स्विच आपोआप लागल्यासारखे वागतात, म्हणून त्याची केबल शील्डची घ्यावी आणि मोटरच्या वायरींपासून दूर न्यावी.

वीज गेली की आणखी एक धोका. बॉलस्क्रू उलटाही सहज फिरतो. स्पिंडलसकट झेड अक्षाचं वजन सात-आठ किलो असेल तर वीज गेलेली मोटर त्याला धरून ठेवीलच याची खात्री नाही. स्पिंडल खाली घसरतो, बिट लाकडात मोडतं. इथे ब्रेकची मोटर, गॅस स्प्रिंग किंवा २ मिलिमीटर चालीचा साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू बरा. अचूकतेसाठी तिन्ही अक्षांना बॉलस्क्रूच हवा हा आग्रह, वीज कधीही जाणाऱ्या गावात झेडपुरता सोडावा.

या सगळ्यानंतर निवड सोपी होते. ६०० मिलिमीटरच्या आसपासच्या लाकूडकामाच्या मशीनला नेमा २३, सव्वा ते दोन न्यूटन-मीटर, इंडक्टन्स ३ मिलिहेन्रीच्या आत, डीएम ५४२ वर्गाचे तीन ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा एसएमपीएस, ८ मायक्रोस्टेप. चांदीकामाच्या ठशांसाठी लहानगी मशीन हवी असेल तर नेमा १७ नेही भागतं. तिथे वेगापेक्षा ताठपणा महत्त्वाचा. विक्रेत्याकडे किलो विचारण्याआधी इंडक्टन्स आणि टॉर्क-वेगाचा आलेख मागावा. आलेख देता येत नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

शेवटी एक विनंती. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून उभं आहे. चिखली, मलकापूर, बुलढाण्यातही अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत आणि जिल्ह्यात आयटीआय आहेत. मोटरचा वेगातला टॉर्क मोजायला एक पुली, एक दोरी, दोन स्प्रिंग काटे आणि एक नियंत्रक एवढंच लागतं. बाजारात मिळणाऱ्या मोटरी या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी एकदा अशा मोजाव्यात, १२, २४, ३६ आणि ४८ व्होल्टवरचे आकडे मराठीत छापावेत आणि तो कागद जिल्ह्यातल्या प्रत्येक लेथवाल्यापर्यंत पोचवावा. एका सत्राच्या प्रकल्पात होण्यासारखं काम आहे.